राधानगरी–गगनबावडा पट्टा: सेंटिनेल-२ वर ऊस, काजू आणि जंगल वेगळं कसं काढायचं?

दाजीपूर_वाट

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, गगनबावडा, भुदरगड आणि आजरा या चार तालुक्यांचा जमीन-आच्छादनाचा नकाशा करतोय. २०१८ ते २०२३ या काळात जंगल किती हेक्टरनं कमी झालं किंवा वाढलं आणि जिथलं गेलं तिथं काय आलं, एवढं नीट सांगता यायला हवं.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची दोन चित्रं घेतली आहेत, एक जानेवारी २०१८ चं आणि एक डिसेंबर २०२३ चं. दोन्ही लेव्हल-२ए (वातावरणाचा परिणाम काढलेली), कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या पोर्टलवरून उतरवलेली. क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रणालीत एनडीव्हीआय (लाल आणि निअर इन्फ्रारेड प्रकाशावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) काढला, तो आणि १० मीटरचे चार बँड (रंगपट्टे) रँडम फॉरेस्ट या वर्गीकरणाच्या पद्धतीला दिले. वर्ग सहा: जंगल, ऊस, इतर शेती, सडा-गवत (सडा म्हणजे जांभ्याचं पठार), पाणी, वस्ती. नमुन्याचे ६० पॉलिगॉन (नकाशावर आखलेले तुकडे), त्यातले ७० टक्के पिक्सेल (चित्राचे चौकोन) शिकवायला आणि ३० टक्के तपासायला. अचूकता ९६ टक्के येते.

पण नकाशा डोळ्यांनी पाहिला तर पटत नाही. भोगावती आणि दूधगंगेच्या काठचा बराच ऊस ‘जंगल’ झालाय. आजऱ्याकडच्या काजूच्या बागा सरसकट जंगलात गेल्यात. घाटाची कोकणाकडची कड जागोजागी ‘पाणी’ दाखवते. सडे ‘वस्ती’त पडतात. आणि २०२३ च्या चित्रात एनडीव्हीआय सगळीकडंच उतरलाय, अगदी दाजीपूर अभयारण्याच्या गाभ्यातसुद्धा, जिथं तोड होण्याचा प्रश्नच नाही.

नमुने वाढवू, की वर्गीकरणाची पद्धतच बदलू?

सडेकर

पद्धतीला हात लावू नका. रँडम फॉरेस्ट चांगलं काम करतं, त्याला खायला काय घातलंय ते आधी पाहू.

पहिल्यांदा २०२३ ची घसरण, कारण ती जंगलाची नाहीच. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेचा बेसलाइन (आवृत्ती) ०४.०० लागू झाला आणि प्रत्येक बँडच्या आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. म्हणजे परावर्तन काढताना आधी १००० वजा करायचे आणि मग १०,००० नं भागायचं. जुन्या बेसलाइनच्या फाइलीत नुसतं भागायचं. ही वजाबाकी राहिली की काय होतं बघा. घनदाट जंगलाचा एक पिक्सेल, खरा लाल ३००, खरा निअर इन्फ्रारेड ३०००. एनडीव्हीआय म्हणजे २७०० भागिले ३३००, ०.८२. दोन्हीत १००० तसेच राहिले तर १३०० आणि ४०००. वरचा फरक २७०० च राहतो, पण खालची बेरीज ५३०० होते आणि उत्तर येतं ०.५१. झाड एकही पडलं नाही आणि जंगल झुडपी झालं.

तारखेवरून अंदाज बांधू नका. जुनी चित्रंही नंतर नव्या बेसलाइननं पुन्हा प्रक्रिया करून ठेवलेली आहेत, त्यामुळे २०१८ ची फाइल आज उतरवली तर तिच्यातही हे १००० असू शकतात. प्रत्येक फाइलच्या मेटाडेटात (फाइलसोबतच्या माहितीत) बेसलाइन आणि ऑफसेट (हे मिळवलेले १०००) वाचा. गूगलच्या अर्थ इंजिनवर काम करणार असाल तर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह घ्या, तिथं ही भानगड आधीच मिटवलेली आहे.

आता ऊस. एका दिवसाच्या चित्रावर ऊस आणि जंगल वेगळं करायला जाणं हीच मूळ अडचण आहे. जानेवारीत उभा ऊस जंगलाइतकाच हिरवा असतो. शेजारचा तुटलेला फड मोकळा दिसतो, त्याच्या शेजारचा महिन्याभराचा खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) मधल्या रंगाचा. तिन्ही ऊसच. ऊस ओळखायचा तो त्याच्या पडण्यावरून. कितीही हिरवा असला तरी तोडणीनंतर तो फड एकदा उघडा पडतो किंवा वाळक्या पाचटानं झाकला जातो, आणि दोन्ही वेळेला एनडीव्हीआय खाली येतो. सदाहरित आणि निमसदाहरित जंगल वर्षभर तसं पडत नाही.

म्हणून वर्षातला किमान एनडीव्हीआय काढतात. पण कोल्हापुरात इथं एक खाच आहे, ती बाहेरच्या मार्गदर्शिकांत सापडत नाही. सुरू लागण, पूर्वहंगामी लागण आणि खोडवा साधारण १२ ते १४-१५ महिन्यांत निघतो. आडसाली जुलै-ऑगस्टात लागतो आणि १६ ते १८ महिने उभा राहतो. जुलै २०२२ ची लागण जानेवारी २०२४ ला तुटली, तर जानेवारी ते डिसेंबर २०२३ या अख्ख्या वर्षात तो फड एकदाही उघडा दिसणार नाही. वर्षभराच्या किमानानं तो थेट जंगलात जाईल. तेव्हा खिडकी २४ महिन्यांची ठेवा, जून ते पुढच्या पुढच्या वर्षाचा मे.

किमान म्हणजे अगदी तळाचा एक आकडा घेऊ नका, तिथं ढगाची सावली बसलेली असते. १० वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली १० टक्के निरीक्षणं येतात तो आकडा) घ्यावा असं बरेच जण सांगतात, पण उसाला तोही चालत नाही. दोन उपग्रह मिळून ५ दिवसांनी एक फेरी, दोन वर्षांत १४६ चित्रं. पावसाळा आणि ढग वगळून एखाद्या जागेची समजा ७० स्वच्छ निरीक्षणं उरली. फड उघडा असतो जेमतेम महिना, म्हणजे सहा निरीक्षणं, ७० पैकी साडेआठ टक्के. १० वा पर्सेंटाइल त्याच्या वरून निघून जातो. त्यापेक्षा ऑक्टोबर ते मे प्रत्येक पंधरवड्याचं मीडियन (मधल्या आकड्याचं) चित्र बनवा आणि त्या पंधरवड्यांतलं किमान घ्या. ढगाची सावली मीडियनमध्ये गळते, उघडा फड टिकतो.

ढग काढायला जुना क्यूए६० बँड वापरत असाल तर सोडा, २०२२ च्या जानेवारीनंतर दोनेक वर्षं तो भरलाच जात नव्हता. ‘क्लाउड स्कोअर प्लस’ हा पिक्सेल किती स्वच्छ आहे ते सांगणारा थर घ्या आणि उंबरा ०.६० च्या आसपास ठेवा. घाटात सकाळच्या धुक्याला ०.६५ बरा.

सड्याचं तंत्र ऊसाच्या उलटं. जांभ्याचा सडा जानेवारी ते मे तांबडा-करडा, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये चकचकीत, म्हणून घरांची कौलं, नांगरलेली तांबडी माती आणि बॉक्साइटची खाण यांच्यात मिसळतो. पण पाऊस सरताना त्याच सड्यावर गवत आणि रानफुलं असतात. खाण आणि वस्ती तेव्हाही उघडीच. सप्टेंबरचं स्वच्छ चित्र मिळेल याची खात्री नाही, तेव्हा १० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या महिन्याचं मीडियन घ्या. तो एक थर घातला की सडा वस्तीतून बाहेर येतो. अगदी सपाट कातळाचे तुकडे तेव्हाही फिके राहतात, ते हातानं तपासावे लागतात.

घाटाच्या कडेवर ‘पाणी’ दिसतं ती सावली आहे. उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. डिसेंबरात त्या वेळी सूर्य आग्नेयेला, जेमतेम ४४-४५ अंशांवर असतो. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तोंड करून, सगळा अंधारात. मार्चच्या मध्यात तोच सूर्य ६० अंशांवर येतो. डिसेंबर-जानेवारी सोडून फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च घेतलात तर निम्मी सावली आपोआप जाते. उरलेल्यासाठी कोपर्निकसचं ३० मीटरचं डीईएम (उंचीचा नकाशा) घेऊन उतार काढा आणि साधा नियम लावा: उतार १० अंशांपेक्षा जास्त असेल तिथं तलाव असूच शकत नाही. उतारदुरुस्तीची गणितं त्यानंतर. कडा अगदी उभा असेल तर कुठलीच दुरुस्ती चालत नाही, कारण पिक्सेलमध्ये प्रकाशच नसतो. तो भाग नकाशात ‘छाया’ म्हणून वेगळा दाखवा आणि त्याचं क्षेत्र सांगा.

मार्चमध्ये एक त्रास मात्र वाढतो. वणव्यानं जळलेला सडा काळा पडतो आणि पुन्हा पाण्यासारखा किंवा सावलीसारखा दिसतो. बँड ८ आणि बँड १२ चा एनबीआर (जळालेपणाचा निर्देशांक) काढून तो वेगळा धरा.

ऐन_किंजळ

सडेकरांनी तारखांचं सांगितलं, माझा आक्षेप वर्गांवर आहे. ‘जंगल’ हा एकच वर्ग या पट्ट्यात ठेवून चालणार नाही. दाजीपूरच्या आतलं अंजनी-जांभळाचं निमसदाहरित रान आणि पूर्वेच्या उतारावरचं ऐन, किंजळ, नाना यांचं पानझडी रान यांची वर्षाची चाल वेगळी. पानझडी रान फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडं पडतं आणि मार्च-एप्रिलमध्येच पावसाची वाट न बघता पालवतं. सडेकरांचं २४ महिन्यांचं किमान लावलंत तर हे रान उसाच्या बाजूला सरकेल. दोघांत फरक काय, तर पानझडीची पडझड दरवर्षी त्याच पंधरवड्यांत आणि अख्ख्या डोंगरावर एकदम येते. उसाची तोडणी फडाफडानं वेगळ्या महिन्यात. म्हणून किमान एनडीव्हीआयसोबत ते किमान कुठल्या पंधरवड्यात आलं हाही थर द्या. शिवाय उतार द्या. ऊस पाण्याजवळ आणि सपाटीला असतो, १५ अंशांच्या उतारावर कोणी ऊस लावत नाही.

निदान चार वर्ग करा: सदाहरित-निमसदाहरित, पानझडी, विरळ किंवा झुडपी, आणि वृक्षबाग. काजू, आंबा, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ हे सगळं वृक्षबागेत.

काजूवर जरा सविस्तर, कारण आजरा-चंदगडकडं हाच मोठा प्रश्न आहे. काजू सदाहरित. लागवड साधारण ७ बाय ७ किंवा ८ बाय ८ मीटर. सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटर. म्हणजे एका पिक्सेलमध्ये दीड-दोन झाडं, ओळ दिसायला जागाच नाही. त्यामुळे १० मीटरवर टेक्स्चरची (पोताची) मापं काढून काजू सापडत नाही, त्यात वेळ घालवू नका. सापडतो तो जमिनीवरून. बी वेचता यावी म्हणून बागायतदार फेब्रुवारीच्या आसपास झाडाखालचं गवत काढून जमीन झाडून घेतात. पाच-सात वर्षांच्या बागेत झाडांच्या मधली ही उघडी तांबडी माती मार्च-एप्रिलमध्ये लाल बँड आणि शॉर्टवेव्हच्या दोन्ही बँडांत स्पष्ट चढते. जंगलात त्या वेळी खाली पाचोळा असतो आणि वर छत्र. तेव्हा बँड ११ आणि १२ चे मार्चचे थर जरूर घ्या. ते २० मीटरचे आहेत म्हणून बरेच जण गाळतात, इथं तेच कामाला येतात.

पंधरा-वीस वर्षांची, छत्र मिटलेली बाग मात्र वर्णपटावरून सुटत नाही हे मान्य करा. गूगल अर्थच्या बारीक चित्रावर ओळी आणि बांधाच्या सरळ रेषा दिसतात, तिथं हातानं आखून घ्या.

आणखी एक. तुमचा आकडा लोक भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालाशी ताडून पाहणार. त्यांच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त क्षेत्र आणि वृक्षछत्र १० टक्के किंवा जास्त असेल ते सगळं ‘वनाच्छादन’, मालकी कोणाचीही असो आणि झाड कुठलंही असो. फळबागा, बांबू, ताड-माड सगळे त्यात येतात. ७० टक्क्यांवर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ, त्याखाली झुडपी. म्हणजे जंगल तोडून काजू लावला तर त्यांच्या व्याख्येत वनाच्छादन तेवढंच राहू शकतं. तुम्हाला नेमकी हीच बदली दाखवायची असेल तर तुमची व्याख्या नकाशाच्या पहिल्या पानावर लिहा, नाहीतर दोन आकडे शेजारी ठेवून विनाकारण वाद होतो.

काही बदल तोडीसारखे दिसतात पण तोड नसते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मग वाळते, त्यानंतरच्या हंगामात विरळ छत्राखालच्या उतारांवर हिरवेपणा घसरतो. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव या धरणांचं पाणी मार्चनंतर खाली जातं आणि काठावर गाळ आणि गवत उघडं पडतं. दोन वेगळ्या महिन्यांची चित्रं घेतली की तिथं भलामोठा बदल दिसतो. जागतिक भूपृष्ठजलाचा ३० मीटरचा तयार थर आहे, त्यावरून कधीतरी पाणी राहिलेली सगळी जागा बदलाच्या हिशोबातून बाहेर काढा.

दाजीपूर_वाट

सडेकर सर, ऐन_किंजळ सर, मनापासून धन्यवाद. २०२३ च्या फाइलीत बेसलाइन ०५ पुढचा आहे आणि ऑफसेट वजा झालेला नव्हता. दुरुस्त केल्यावर दाजीपूरचा एनडीव्हीआय दोन्ही वर्षी जवळजवळ सारखा येतो.

दोन प्रश्न राहिले. अचूकता ९६ टक्के दाखवत असताना नकाशा इतका चुकतो कसा? आणि अर्थ इंजिनवर तोच नकाशा मोजला तर जंगलाचं क्षेत्र क्यूजीआयएसपेक्षा खूप वेगळं येतं, यातलं कुठलं धरायचं? तयार जागतिक नकाशे आहेत, ईएसए या युरोपीय अवकाश संस्थेचं वर्ल्डकव्हर वगैरे, त्यावरूनच बदल काढला तर?

मोजणीदार

९६ टक्क्यांचं आधी. दोन हेक्टरचा एक पॉलिगॉन म्हणजे २०० पिक्सेल. ६० पॉलिगॉनचे १२,००० पिक्सेल झाले, पण माहिती ६० जागांचीच आहे. शेजारशेजारचे पिक्सेल जवळजवळ सारखे असतात. तुम्ही पिक्सेलांची वाटणी ७०-३० केलीत, म्हणजे एकाच बागेतली काही झाडं शिकवायला आणि त्यांच्या शेजारची तपासायला. मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच मिळाली. शिवाय पॉलिगॉन आखताना माणूस स्पष्ट, ठसठशीत जागा निवडतो. गोंधळाच्या जागा, म्हणजे ऊस-जंगलाची शीव, जुना काजू, विरळ उतार, नमुन्यात येतच नाहीत.

शिकवण्यासाठी: परिसरावर २ किलोमीटरची जाळी टाका आणि अख्खी चौकट एकतर शिकवण्यात किंवा तपासण्यात ठेवा. प्रत्येक वर्गाचे १०० ते १५० बिंदू, एका पॉलिगॉनमधून पाच-सहापेक्षा जास्त नकोत. रँडम फॉरेस्टमधली निर्णयझाडं २०० पुरतात, ५०० केल्यानं काही बदलत नाही. अचूकता ८० च्या घरात उतरेल. तो आकडा खरा असेल.

अंतिम तपासणीसाठी हेही चालत नाही. तिथं नकाशा तयार झाल्यावर त्याच्या वर्गांतून यदृच्छ बिंदू काढायचे आणि प्रत्येक बिंदू बारीक चित्रावर पाहून ठरवायचा. इथून क्षेत्राचा आकडा निघतो. पिक्सेल मोजून जो येतो तो क्षेत्राचा आकडा नव्हेच, कारण त्यात नकाशाच्या चुका जशाच्या तशा बसलेल्या असतात.

गणित करून दाखवतो, आकडे उदाहरणाचे आहेत. अभ्यासक्षेत्र १०,००० हेक्टर. नकाशा म्हणतो २०० हेक्टरवर जंगल गेलं, ९,८०० वर बदल नाही. ‘बदल’ वर्गातून १०० बिंदू तपासले, ७० ठिकाणी खरंच बदल. ‘बदल नाही’ वर्गातून ३०० तपासले, ३ ठिकाणी बदल निघाला. आता खरं क्षेत्र: २०० चे ७० टक्के म्हणजे १४० हेक्टर, अधिक ९,८०० चा १ टक्का म्हणजे ९८ हेक्टर. एकूण २३८. प्रमाणत्रुटी काढा: प्रत्येक वर्गाच्या वजनाचा (एकूण क्षेत्रातल्या वाट्याचा) वर्ग गुणिले पी (बदल निघालेल्या बिंदूंचं प्रमाण) गुणिले एक वजा पी, भागिले एन (तपासलेले बिंदू) वजा एक, दोन्हींची बेरीज, वर्गमूळ. ०.००५७ येतं, म्हणजे ५७ हेक्टर. ९५ टक्के विश्वासानं उत्तर २३८ अधिक-उणे ११२.

यात नीट पाहण्यासारखी गोष्ट ती तीन बिंदूंची. ३०० पैकी ३ चुका नगण्य वाटतात, पण त्यांनी ९८ हेक्टर आणले आणि अनिश्चितताही जवळजवळ सगळी त्यांचीच. ‘बदल नाही’ हा वर्ग प्रचंड मोठा असतो म्हणून असं होतं. उपाय असा: नकाशातल्या बदलाच्या तुकड्यांभोवती ४० मीटरचा पट्टा काढून तो तिसरा, वेगळा स्तर करा आणि तिथं ७५-१०० बिंदू जास्तीचे टाका. सुटलेले बदल बहुतेक कडेलाच असतात. ते छोट्या स्तरात पकडले गेले की त्यांचं वजन कमी होतं आणि अधिक-उणे आटोक्यात येतं.

२०१८ आणि २०२३ चे दोन स्वतंत्र नकाशे एकमेकांतून वजा करू नका. दोन्ही ८५ टक्के बरोबर धरले तरी दोन्हीकडं एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता ०.८५ गुणिले ०.८५, ७२ टक्के. खरा बदल दोन-तीन टक्के असताना हा गोंधळ त्याला गिळून टाकतो. दोन्ही काळांचे थर एकत्र एकाच मॉडेलला द्या आणि ‘जंगल तसंच’, ‘जंगल ते वृक्षबाग’, ‘जंगल ते उघडी जमीन’ असे बदलाचे वर्ग थेट शिकवा.

अर्थ इंजिनचा वेगळा आकडा: मीडियन चित्र बनवलं की त्याचं मूळ प्रक्षेपण (पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) हरवतं आणि तिथं एक अंश बाय एक अंश असं ठोकळ माप बसतं. क्षेत्र काढताना स्केल १० मीटर आणि प्रक्षेपण ईपीएसजी ३२६४३ (म्हणजेच यूटीएम ४३ उत्तर) स्पष्ट लिहा. ‘बेस्ट एफर्ट’ चालू असेल तर बंद करा. पिक्सेल जास्त झाले की ते काही न बोलता स्केल जाडं करतं आणि उत्तर देऊन मोकळं होतं. ‘मॅक्स पिक्सेल्स’ वाढवा, तोच योग्य मार्ग. क्यूजीआयएसमध्ये थर अंशांत नसून यूटीएम ४३ उत्तरमध्ये आहे ना ते पाहा. कोल्हापूर ७५ अंशांच्या मध्यरेखावृत्ताजवळ असल्यानं या प्रक्षेपणात क्षेत्राची चूक दहा हजारांत फार तर आठ, म्हणजे सोडून देण्याइतकी.

वर्ल्डकव्हरवरून बदल काढू नका. २०२० ची आणि २०२१ ची आवृत्ती वेगवेगळ्या अल्गोरिदमनं केलेली आहे, त्यांच्यातला फरक जमिनीचा किती आणि पद्धतीचा किती हे वेगळं करता येत नाही. हॅन्सन यांच्या गटाचा ३० मीटरचा वृक्षहानीचा थर ५ मीटरपेक्षा उंच झाड गेलं एवढंच सांगतो, मग ती निलगिरीची तोड असो की रानाची. बिंदू कुठं जास्त टाकायचे हे ठरवायला तो थर उत्तम.

रडार_आणि_पाऊस

थोडं रडारबद्दल, कारण पावसाळा कोणी हाताळला नाही. इथं भाताची खाचरं ‘इतर शेती’त विस्कळीत येतात. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचं व्हीएच (उभी लहर पाठवून परतताना आडवी टिपलेली) घ्या, जुलैमध्ये रोप लावणीच्या पाण्यानं ते खोल पडतं आणि ऑगस्टमध्ये चढतं. जून, जुलै, ऑगस्टचं मासिक सरासरी व्हीएच एवढे तीन थर पुरतात. भात, नाचणी आणि पडीक यांची फोड त्यावर होते.

घाटमाथ्यावर मात्र जपून. बाजूनं बघणारं रडार आहे, उभ्या कड्यावर चित्र दुमडतं. चढत्या आणि उतरत्या फेऱ्या मिसळू नका, एकाच कक्षेची चित्रं दोन्ही वर्षांसाठी ठेवा, आणि अर्थ इंजिनवरचं सेंटिनेल-१ उतारासाठी सपाट केलेलं नसतं हे ध्यानात ठेवा. कड्यावर जे चढ-उतार दिसतील ते बहुतेक डोंगराच्या आकाराचे.

जंगल आणि ऊस यांच्यासाठी ५.५ सेंटिमीटर तरंगलांबीचा सी बँड अपुरा आहे, पानांतच अडकतो. २४ सेंटिमीटरचा एल बँड खोडाफांद्यांपर्यंत जातो. जपानच्या पाल्सार रडारचे वार्षिक २५ मीटरचे मोझेक (जोडचित्रं) मोफत आहेत: आकड्याचा वर्ग करा, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घेऊन १० नं गुणा, ८३ वजा करा. या मोझेकच्या एचव्हीमध्ये (आडवी लहर पाठवून उभी टिपलेली) ऊस साधारणपणे जंगलाच्या खाली राहतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावरही एल बँड आहे, १२ दिवसांची फेरी, पुढच्या कामासाठी लक्ष ठेवा.

दाजीपूर_वाट

मोजणीदार सर, बिंदूंबद्दल शेवटचं. २०२३ चे बिंदू प्रत्यक्ष जाऊन पाहता येतील. २०१८ चं काय करायचं? आणि अभयारण्याच्या आतले बिंदू?

ऐन_किंजळ

याचं मी सांगतो. अभयारण्यात मुख्य रस्ता सोडून जायचं तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या, अर्जाला बिंदूंचा नकाशा जोडा. आतले बरेच बिंदू चित्रावरच ठरतात, प्रत्यक्ष जायचं ते शीवेवरच्या आणि वादाच्या बिंदूंवर.

मोबाइलचं जीपीएस उघड्यावर ३ ते ५ मीटर चुकतं, दाट छत्राखाली १० च्या पुढं जातं. म्हणून बिंदू कुठल्याही कडेपासून निदान २० मीटर आत घ्या आणि दोन-तीन मिनिटं थांबून सरासरी नोंदवा. आत जाणं शक्य नसेल तर रस्त्यावर उभं राहून होकायंत्राची दिशा आणि अंदाजे अंतर लिहा, बिंदू नंतर नकाशावर सरकवा. नोंदीत झाडांची जात, छत्राची टक्केवारी, झाडाखाली काय आहे (झाडलेली माती, पाचोळा की कारवी) आणि चार दिशांचे फोटो. झाडाखालची नोंद विसरू नका, काजूची सगळी मदार तिच्यावर आहे.

२०१८ साठी गूगल अर्थचा जुन्या चित्रांचा स्लायडर आणि त्याच वर्षाची सेंटिनेलची पंधरवड्याची मालिका, दोन्ही शेजारी उघडा. बारीक चित्राची तारीख खालच्या पट्टीत दिसते ती प्रत्येक बिंदूला लिहा. २०१६ चं चित्र २०१८ म्हणून धरलं तर मधल्या दोन वर्षांतली तोड चुकीच्या खात्यात जाते. बारीक चित्र नसेल तर मालिकेतली चाल पाहून ठरवा, तरीही ठरत नसेल तर तो बिंदू ‘अनिश्चित’ लिहा आणि असे किती निघाले ते अहवालात सांगा.

बिंदू ठरवणाऱ्यापुढं तुमचा नकाशा उघडा नको. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे ठरवा आणि जिथं मत वेगळं पडेल तेवढे बिंदू एकत्र बसून पाहा. असे बिंदू सर्वांत जास्त विरळ जंगल आणि जुन्या काजूत निघतील, तेव्हा त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवा.